आधी आकार बघ, मग चमक

अगं, प्रकाश शोषून चमकणारी कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूच्या अणूला धरून बसलेले रेणू, बनवायची तर पहिल्याच महिन्यात इरिडियम नको, महाग पडतं. तांब्यापासून सुरू कर. एकसंयुजी (+१ प्रभाराच्या) तांब्याचं कॉम्प्लेक्स सहसा चतुष्फलकी असतं, म्हणजे चार हात चार कोपऱ्यांकडे. प्रकाश शोषला की ते चपटं व्हायला बघतं आणि ऊर्जा उष्णतेत वाया जाते. म्हणून तांब्याला धरणाऱ्या फेनँथ्रोलिन या रेणूच्या २ आणि ९ या जागांवर, तांब्याच्या अगदी शेजारी, मिथाइलसारखे गट हवेत. विरार लोकलच्या दारातली गर्दी आठव, कोणाला वळायलाच जागा नाही!

द्विसंयुजी प्लॅटिनमची कॉम्प्लेक्स बहुतेक सपाटच. रेणू चवडीसारखे रचले गेले की रंग लालकडे सरकतो, म्हणून पावडर आणि द्रावण दोन्ही मोज.

नवखे हमखास फसतात ते ऑक्सिजनपाशी, तो चमक विझवतो. मोजण्याआधी द्रावणात २० मिनिटं नायट्रोजन सोड. मी विसरायचे, अख्खा पावसाळा रेणूला शिव्या घातल्या.

संगणकावरची गणनं नंतर शिकू.