आबा घरी आले, पण बाजेवरून उठवत नाही

प्रश्न : माझे सासरे 74 वर्षांचे असून न्यूमोनियामुळे ते धुळ्यातील एका रुग्णालयात 11 दिवस दाखल होते. ताप गेला, एक्स-रे चांगला आला आणि डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृतीत सुधारणा' असे लिहून दिले आहे. आजारापूर्वी आबा रोज शेतापर्यंत चालत जात असत. आता त्यांना बाजेवरून एकट्याने उठता येत नाही आणि संडासला धरून न्यावे लागते. भेटायला येणारी मंडळी सांगतात, की महिनाभर त्यांना अंथरुणावरून हलू देऊ नका. सध्या कापसाची वेचणी चालू असल्यामुळे दिवसा घरी कोणी नसते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : डिस्चार्ज कार्ड आबांच्या फुप्फुसांबद्दल खरेच सांगते, त्यांच्या पायांबद्दल मात्र ते काहीच सांगत नाही. रुग्ण दोन आठवड्यांपूर्वी स्वतःचे काय काय करत होता आणि घरी जाताना त्यातले काय करू शकतो, याचा एक रकाना प्रत्येक कार्डावर असायला हवा, असे माझे मत आहे. कारण वृद्ध रुग्णाचे पुढे काय होणार, याचा अंदाज बांधताना आजाराच्या नावाइतकेच महत्त्व या माहितीला असते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात 70 वर्षांवरील रुग्णांचा असा अभ्यास झाला असून तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून उठणे आणि जेवणे या रोजच्या कामांपैकी एखादे तरी काम आजारपणात नव्याने जमेनासे होऊन जे घरी गेले, त्यांपैकी सुमारे 41 टक्के रुग्ण वर्षभरात दगावले आणि पूर्ववत झालेले रुग्ण केवळ 30 टक्के होते. उलट, जे पूर्वीच्याच क्षमतेने घरी परतले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सुमारे 18 टक्के होते. यांतील काही फरक मूळ आजाराच्या तीव्रतेचाही असतो, त्यामुळे हे आकडे आबांचे भविष्य आहे असे समजू नये. मात्र 'अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू' असे म्हणून स्वस्थ बसण्याची ही वेळ नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

महिनाभर झोपवून ठेवण्याचा सल्ला मायेपोटी दिला जात असला, तरी तो घातक आहे. निरोगी वृद्धांना केवळ 10 दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झडल्याचे आढळले होते, आणि त्यांना तर कोणताही आजार नव्हता. आबांच्या बाबतीत त्यात ताप, मोडलेली झोप, न गेलेले जेवण आणि सलाईनच्या नळीमुळे एका जागी जखडून राहणे यांची भर पडली आहे.

सर्वप्रथम फेरतपासणीच्या वेळी डॉक्टरांना 'आधी शेतापर्यंत चालत, आता उठवत नाही' हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची विनंती करा. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, आणि झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी गळल्यासारखे होते का, हेही तपासून घ्या. तोल सांभाळणे, चार मीटर चालणे आणि हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठणे अशी 12 गुणांची एक सोपी चाचणी असून तिला पाच-दहा मिनिटे पुरतात. चार मीटर चालायला पाच सेकंदांहून किंवा पाच वेळा उठायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांत ताकद कमी आहे असे समजतात. आबांची ही चाचणी घरी एकट्याने घेऊ नका; आधाराला माणूस हवाच.

घरातील पहिला बदल बाजेचा करा. सैल झालेल्या बाजेच्या झोळात बसलेल्या माणसाला उठण्यासाठी दुप्पट कष्ट पडतात. त्याऐवजी गुडघ्याच्या उंचीचा कडक पलंग किंवा हातांची खुर्ची द्या आणि उकिडवे बसावे लागू नये म्हणून कमोड खुर्ची आणा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, कुणीतरी शेजारी उभे असताना, दिवसातून तीन-चार वेळा खुर्चीवरून उठणे-बसणे आणि ओट्यापर्यंतची फेरी सुरू करून ती रोज थोडी वाढवा. वेचणीचे दिवस असले, तरी पहिले दोन-तीन आठवडे एक माणूस घरी ठेवाच. रोजंदारी बुडेल हे मला कळते, पण खुबा मोडल्यावर होणारा खर्च त्याहून फार मोठा असतो.

आजाऱ्याला साबुदाण्याची पेज देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु तिच्यात प्रथिने जवळजवळ नसतात. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली आपली कळण्याची भाकरी या कामी साबुदाण्यापेक्षा कितीतरी सरस आहे; ती वरणात कुस्करून द्या, सोबत दूध, दही आणि चालत असल्यास अंडी द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ताप पुन्हा आला, धाप लागली, एका पायाला सूज आली, बोलण्यात अचानक विसंगती दिसली किंवा एका बाजूची ताकद एकाएकी गेली, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : आईला दवाखान्यातून आणून आठ दिवस झाले. ताकद यावी म्हणून गावातच दोन सलाईन लावून घ्याव्यात का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : नाही. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी असतात आणि साध्या सलाईनमध्ये केवळ मीठ-पाणी असते; त्यातून स्नायू तयार होत नाहीत. शरीरातील पाणी कमी झाले असेल किंवा तोंडाने काहीच जात नसेल, तर सलाईनचा उपयोग आहे, पण हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असल्यास तीच बाटली धाप लावू शकते. शिवाय ती लावून घेताना आई आणखी दोन-तीन तास आडवी पडून राहील. तेवढ्याच पैशांत आठवडाभराचे दूध आणि अंडी येतात.