डंपिंगवर कचरा वेचणारे लोक ग्लोव्ह्ज, मास्क का घालत नाहीत? त्यांना कुठले आजार होतात?

हा प्रश्न वाचून राहवेना म्हणून लिहितेय. माझी आई बावीस वर्षं मुंबईत देवनारच्या डंपिंगवर कचरा वेचायची. जाड रबरी मोजा घातला की बोटांना काही कळत नाही हो, आई नुसतं चाचपून सांगायची दुधाची पिशवी कुठली, कडक प्लास्टिक कुठलं, कारण भंगारवाला प्रत्येकाचा भाव वेगळा लावतो. वरून उन्हात आत घाम साचून कातडं सोलतं. आणि कापडी मोज्यातून सुई आरपार जाते.

तिला सुईच लागली. मी नववीत होते. मधल्या बोटाला पदर गुंडाळून घरी आली, कुणीतरी इन्सुलिनची सुई टोपण न लावताच उष्ट्या भाताच्या पिशवीत बांधून टाकलेली. हळद दाबली आणि पहाटे परत कामावर, कारण गाड्या खाली व्हायची वेळ चुकली की त्या दिवशीचं गेलंच. मी हट्टाने दवाखान्यात नेलं तर कामाचं ठिकाण ऐकून तिथल्या माणसाने खुर्ची मागे सरकवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जा म्हणाला. सुई लागल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, हिपॅटायटिस बी ची लस असते, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. मग तिच्या तपासण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या, पण मधली सहा वर्षं आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

बाकी आजार म्हणजे टीबी, दमा, खरूज, कुत्रा चावणं. कचरा कुजून मिथेन हा पेट घेणारा वायू होतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते. जानेवारी २०१६ ला लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, आम्ही शेजारच्या बैंगनवाडीत दाराच्या फटीत ओली चादर कोंबून बसलेलो. तिथे कापडी मास्क काय करणार? आईचा खोकला तेव्हापासूनचा आहे.

ग्लोव्ह्ज नकोतच असं नाही म्हणत मी, सुई अडवणारे चांगले द्या, घालतील. पण आई कुणाच्या हजेरीपटावरच नव्हती, देणार कोण?

माझे मोठे दीर दर दिवाळीला म्हणतात, "दिले तरी विकून खातात." भाऊजी, तुम्ही स्वतः रोज इन्सुलिन घेता. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, झाकणाला चिकटपट्टी मारा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा आणि डबा ओल्या कचऱ्यात न घालता गाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या.