डोरलं धुताना

पोरी, नवं डोरलं सोनाराकडून घडवून आणलंस, छान केलंस. पण दर शनिवारी टूथपेस्टनं घासतेस म्हणालीस, ते आजच बंद कर. पेस्टमधल्या बारीक पावडरीनं सोन्यावर ओरखडे पडतात. २२ कॅरेटचं सोनं मऊच असतं.

आधी सोनाराला एक विचार: मणी भरीव आहेत की आत लाख भरलीय? माझी एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ, लाखेची. नवी सून असताना मी ती कढत पाण्यात टाकली. लाख पातळ होऊन भोकांतून बाहेर आली, अन् दोन मणी चेपले ते चेपलेच. लाखेचे दागिने बुडवायचेच नाहीत, ओल्या मऊ फडक्यानं पुसायचे.

भरीव सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी पुरतं. पाच मिनिटं भिजव, मग लहान बाळाच्या ब्रशनं वाट्यांच्या आतून हलक्या हातानं फिरव. तिथंच कणीक अन् हळद-कुंकू घट्ट बसलेलं असतं. धुणं मात्र परातीत, न्हाणीत नाही. एखादा मणी मोरीत गेला की गेला. मोती असले तर तेही बुडवू नकोस. दोरा भिजला की कुजतो.

ब्लिचिंग पावडरनं टाकं घासताना दागिने काढून ठेव. क्लोरीन सोन्यातल्या तांब्या-चांदीला खातं, डाक, म्हणजे सांधा जोडणारा धातू, कमजोर होतो.

चांदीचे जोडवे काळे पडले तर घाबरू नकोस, हवेतल्या गंधकामुळं होतं ते. पण नक्षीत मुद्दाम ठेवलेली काळी छटा असेल तर सोडा लावू नकोस, ती निघून जाईल.