नांदेडहून सहा जण, त्यात लेकरं आणि सासू-सासरे: स्कुबासाठी ऑल इन्क्लुझिव्ह बीच रिसॉर्ट घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही दोघं, 12 वर्षांची मुलगी, 8 वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे असे सहा जण नांदेडहून निघणार. राहणं, खाणं, समुद्र आणि स्कुबा (पाठीला हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं) एकाच ठिकाणी व्हावं म्हणून ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट बघताय. मालदीव की मॉरिशस हे ठरत नाही. यजमानांना विहिरीत पोहता येतं, तुम्हाला मात्र पाण्याची भीती वाटते.

जा, नक्की जा. फक्त बुकिंगचे पैसे भरायच्या आधी महिनाभर नांदेडमध्येच एखाद्या जलतरण तलावावर जाऊन पाण्याची सवय करा. तुम्हीही आणि यजमानांनीही. पोहणाऱ्याला वेगळी तयारी कशाला, असं ते म्हणतील, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच लिहितो.

मी लातूरचा. आमच्या पिढीतले बहुतेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. त्यामुळे पाण्याची भीती जाते आणि ती फार मोठी जमेची बाजू आहे. पण विहीर आणखी एक गोष्ट अंगात मुरवते: बुडी मारायची म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा आणि कोंडून धरायचा. स्कुबाचा पहिला नियम नेमका याच्या उलट आहे. पाण्याखाली श्वास कधीच कोंडायचा नाही. सावकाश आत, सावकाश बाहेर, सतत.

यामागचं कारण नीट समजून घ्या. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. विहिरीत आपण वर घेतलेला श्वास खाली नेतो. तो खाली दबतो आणि वर येताना पुन्हा होता तेवढा होतो. स्कुबात सिलिंडरमधली हवा खालच्या दाबानं छातीत भरलेली असते. ती कोंडून वर आलात तर ती पसरते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. यासाठी फार खोल जावं लागत नाही. दाबाचं प्रमाण सगळ्यात जास्त बदलतं ते पहिल्या दहा मीटरांतच, त्यामुळे दोन मीटरवरून घाबरून श्वास धरून वर झेपावणंही धोक्याचं असतं. पट्टीच्या पोहणाऱ्याचा हात अशा वेळी आपोआप वर जातो, श्वास आपोआप कोंडला जातो. ही सवय तलावातच मोडावी लागते.

त्यासाठी साधा सराव पुरतो. कमरेइतक्या पाण्यात उभं राहा, तोंड पाण्यात घाला आणि तोंडानं बुडबुडे सोडत राहा. मग मास्क आणि स्नॉर्कल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी) विकत आणून तोंडानंच श्वास घ्यायची सवय करा. स्नॉर्कलमध्ये पाणी शिरलं तर जोरात फुंकून काढायचं. तुमच्यासारख्या भीती वाटणाऱ्या माणसाला हे आठ-दहा वेळा केल्यावर जो धीर येतो तो कुठल्याही व्हिडिओनं येत नाही. भीती वाटणारे लोक बरेचदा चांगले डायव्हर होतात, कारण सांगितलेलं ते ऐकतात. एकच बघा, सराव उन्हाळ्यावर ढकलू नका. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पाऊस कमी झाला की तलाव भरण्याला सगळ्यात आधी कात्री लागते. दिवाळीनंतरचे महिने धरा.

आता कान. विहिरीचा तळ गाठताना कानात जी कळ येते तीच समुद्रात येते, कारणही तेच: बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलतो. उपाय म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून नाकात हलकेच हवा ढकलायची, म्हणजे कान 'पट' करून मोकळे होतात. दुखायला लागल्यावर हे करून उपयोग नाही; दुखायच्या आधी, हात-दीड हात खाली गेलं की पुन्हा, असं करत उतरायचं. आमच्या मुलीचं असंच झालं. दोन मीटरवर तिनं कानाकडे बोट दाखवून पंजा आडवा हलवला. प्रशिक्षकानं लगेच तिला मीटरभर वर घेतलं, तिच्यासमोर स्वतःचं नाक धरून दाखवलं आणि थांबला. घाई नाही, खाली ओढणं नाही. ती मान हलवेपर्यंत तो तिथंच तरंगत राहिला. तिसऱ्या वेळी कान सुटले आणि मग खाली गेल्यावर निळ्या-पिवळ्या माशांचा अख्खा थवा तिच्या मास्कसमोरून सरकला. त्या पोरीचे डोळे मास्कमधून एवढे मोठे दिसत होते! प्रशिक्षक असा असावा. रिसॉर्टची खोली किती मोठी आहे यापेक्षा हे कैक पटीनं महत्त्वाचं.

हाताच्या खुणा लेकरांना घरीच शिकवा. आपण फोटोत अंगठा वर करून 'मस्त' म्हणतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. 'सगळं ठीक' दाखवायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. अंगठा दाखवून वर आणलेली, मग हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत.

वयाचं बघू. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमानं समुद्रातला पहिला अनुभव घ्यायला किमान वय 10 लागतं आणि त्यात जास्तीत जास्त 12 मीटर नेतात, म्हणजे आपल्या विहिरीच्या हिशेबानं सहा-सात परस. तुमची मुलगी यात बसते. 8 वर्षांच्या मुलासाठी 'बबलमेकर' नावाचा प्रकार असतो: तलावात किंवा अगदी शांत पाण्यात, 2 मीटरच्या आत, प्रशिक्षक शेजारी. त्याला तेवढंच पुरे. 'चालतंय हो, आम्ही नेतो खाली' असं कुणी म्हणालं तर त्या सेंटरवर मुलीलाही सोडू नका. मुलाला स्नॉर्कलिंग मनसोक्त करू द्या. उथळ प्रवाळाजवळ त्याला जे दिसेल ते डायव्हरला दिसतं त्याहून फार कमी नसतं.

ऑल इन्क्लुझिव्हचा अर्थ इथं नीट तपासा. बहुतेक ठिकाणी त्यात तिन्ही वेळचं जेवण, पेयं, दारू, कयाक, स्नॉर्कलचं सामान एवढं धरतात. स्कुबा वेगळा आकारतात, कारण डाइव्ह सेंटर बरेचदा रिसॉर्टच्या आवारात असलं तरी दुसऱ्याच कंपनीचं असतं. आम्ही जायच्या आधी ईमेल करून एकेक गोष्ट लिहून मागवली होती, तुम्हीही तसंच करा. पहिल्या अनुभवाचे माणशी किती? त्यात तलावातला सराव धरला आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण? (मी दोनपेक्षा जास्त मान्य करणार नाही, मुलीसाठी एकटा मिळाला तर उत्तम.) लहान मापाचा मास्क, जॅकेट आणि छोटं सिलिंडर आहे का? कान सुटले नाहीत म्हणून पाच मिनिटांत वर यावं लागलं तर पैशांचं काय? आणि किनाऱ्यावरून चालत जाऊन प्रवाळ दिसतं का, की दर वेळी बोट लागते? किनाऱ्यालगतच्या अशा प्रवाळाला 'हाऊस रीफ' म्हणतात. तुमच्यासारख्या कुटुंबाला हाऊस रीफ असलेलं रिसॉर्टच घ्यायला सांगेन. तुम्ही पाण्याखाली असताना सासूबाई शंभर पावलांवर सावलीत बसलेल्या असतात आणि मुलगा त्यांच्याजवळ असतो.

घरात कुणी दारू घेत नसेल तर मालदीवमध्ये ऑल इन्क्लुझिव्हऐवजी फुल बोर्डचा, म्हणजे राहणं आणि तिन्ही वेळचं जेवण एवढ्याचाच, भाव मागून बघा. तिथं रिसॉर्टला दारू परदेशातून मागवावी लागते, ती महाग असते आणि पॅकेजच्या दरात तिचा मोठा वाटा असतो. जो आपण घेणारच नाही त्याचे पैसे सहा जणांमागे का द्यायचे? जाहिरातीतल्या भावावर सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि 2025 पासून रिसॉर्टवर माणशी दर रात्री 12 डॉलर ग्रीन टॅक्स बसतो, तो धरूनच तुलना करा. शाकाहार, एकादशी, कांदा-लसूण नको असेल तर तेही आधी लिहून कळवा. मोठ्या रिसॉर्टमध्ये भारतीय आचारी असतात, पण सांगितल्याशिवाय सोय होत नाही.

मालदीव की मॉरिशस? स्कुबा हाच मुख्य हेतू असेल तर मालदीव. पाणी कोमट, दिसतं लांबवर, सरोवरासारखी शांत उथळ जागा बेटाभोवतीच असते. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी. तिथं राजधानी मालेहून स्पीडबोटीनं जाता येईल असं बेट निवडा. सी-प्लेन (पाण्यावर उतरणारी विमानं) फक्त दिवसा उडतात, त्यामुळे संध्याकाळी पोहोचलात तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन मालेत मुक्काम पडतो. मॉरिशसमध्ये डायव्हिंग चांगलं आहे, पण सासू-सासऱ्यांना बघण्या-फिरण्यासारखं जास्त आहे: गंगा तलाव, डोंगर, बाजार. तिथं मराठी वंशाचा समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. बेटावर चार दिवस नुसतं पाणी बघून ते कंटाळतील असं वाटत असेल तर मॉरिशस घ्या. फक्त जानेवारी ते मार्च टाळा, तो चक्रीवादळांचा काळ.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मनापासून सांगतो: आधी एकदा मालवण करून या. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, गगनबावडा उतरून कोकणात, गाडीनं जमतं. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात स्कुबा होतो. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात येतो. मालवणजवळच्या तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कुबा प्रशिक्षण केंद्रही आहे. ऑल इन्क्लुझिव्ह थाट नाही, पाणीही मालदीवइतकं नितळ नाही, पण प्रशिक्षक तुमच्याशी मराठीत बोलतो. भीती वाटणाऱ्या माणसाला पाण्यात उतरण्याआधी आपल्या भाषेत शंका विचारता येणं, मी याला फार किंमत देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पावसाळ्यात बंद असतं. व्हिडिओसाठी पाव टाकून मासे गोळा करत असतील तर नको म्हणा. मासे तसेही येतात, आणि प्रवाळाला हात लावायचा नाही, पाय तर टेकवायचाच नाही. हातभर प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

डाइव्ह सेंटरचा तब्येतीचा फॉर्म खरा भरा. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, मधुमेह यांपैकी काही असेल तर निघायच्या आधी नांदेडच्या डॉक्टरांना फॉर्म दाखवून सही घ्या. तिथं गेल्यावर 'हो' लिहिलं तर डॉक्टर शोधण्यात दिवस जातो. गरोदरपणात स्कुबा करत नाहीत. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्याखाली जायचं नाही, गोळी घेऊन तर नाहीच. गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना कान-कपाळ भयंकर दुखतं. प्रवास विमा घेताना त्यात स्कुबा धरला आहे का हे पॉलिसीत वाचा. अनेक साध्या पॉलिसींत तो वगळलेला असतो.

शेवटचं, वेळापत्रकाचं. डाइव्ह पहिल्या दोन दिवसांत घ्या: मुलीचे कान पहिल्या दिवशी सुटले नाहीत तर दुसरा दिवस हाताशी राहतो. परतीच्या विमानाआधी एका डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि रोज किंवा दिवसातून अनेकदा खाली गेला असाल तर किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात. खाली असताना अंगात मुरलेला नायट्रोजन विमानाच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. यजमानांना तिथं गेल्यावर पूर्ण ओपन वॉटर कोर्स (डायव्हरचं पहिलं प्रमाणपत्र देणारा) करावासा वाटेल, असा माझा अंदाज आहे. त्यातला वाचायचा भाग इथूनच ऑनलाइन उरकून घ्या, नाहीतर सुट्टीतले दोन दिवस वर्गात जातील. शेवटचा पूर्ण दिवस कुणीच खाली जायचं नाही असं ठरवून टाका आणि तो सासू-सासऱ्यांच्या मर्जीनं घालवा.