वाचक विचारतात : मशीनवरच्या ‘जेएसडब्ल्यू’चं गाव कुठलं?

प्रश्न : काका, मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. मालकांनी एक जुनं इंजेक्शन मोल्डिंग मशीन आणलंय. त्यावर ‘जेएसडब्ल्यू’ असं लिहिलंय. शिफ्टमधली पोरं म्हणतात, हे आपल्या जिंदालांचं. सुपरवायझर म्हणतात, मशीन जपानी आहे आणि ही कंपनी आधी तोफा करायची. तोफा करणारा माणूस बादल्यांच्या मशीनकडं कसा वळेल? खरं काय?
– एक वाचक, कणेरी

उत्तर : तुझ्या सुपरवायझरांचं बरोबर आहे. आद्याक्षरं तेवढी सारखी, बाकी संबंध नाही. तुझं मशीन जपान स्टील वर्क्सचं. जपानीत नाव ‘निहोन सेइकोशो’.

ही कंपनी १९०७ साली उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर, मुरोरान बंदरात उभी राहिली. आपल्याकडं कोल्हापुरात तेव्हा शाहू मिलचा पाया घालून वर्ष झालं होतं. रशियाशी लढाई नुकतीच संपली होती आणि आरमाराच्या तोफा आपल्याच देशात व्हाव्यात, असं जपानला वाटत होतं. मुरोरान हे कोळशाचं बंदर. तिथली कोळसा खाण व जहाज कंपनी आणि इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ आणि व्हिकर्स या तोफा करणाऱ्या दोन कंपन्या अशा तिघांनी मिळून भांडवल घातलं.

आता तुझा खरा प्रश्न. मी शिरोलीत आणि त्याआधी उद्यमनगरात अडतीस वर्षं ओतकामात काढली. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाकडून आमचं फ्लायव्हील परत आलं होतं. वरून गुळगुळीत, पण लेथवर दोन सूत कापल्यावर आत सुपारीएवढी पोकळी. रायझर, म्हणजे साच्यावरचा जादा धातूचा साठा, लहान पडला होता. धातू थिजताना आकसतो, त्याला वरून भर मिळाली नाही की पोटात भोक राहतं. ते अर्ध्या मणाचं बीड होतं. मुरोरानला सहाशे टनांचा एकच इंगट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, ओततात. एवढं पोलाद एका भट्टीत मावत नाही. लेडलमागून लेडल (वितळलेल्या धातूची मोठी बादली) एकाच साच्यात रिकामं करतात, तेही हवा काढून घेतलेल्या जागेत, म्हणजे हायड्रोजन निघून जावा. तो आत राहिला तर पोलाद गार झाल्यावर केसासारख्या चिरा पडतात. शिवाय थिजताना कार्बन शेवटच्या पातळ धातूकडं ढकलला जातो, म्हणून नंतरच्या लेडलांत कार्बन आधीच कमी ठेवतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो. मग वरचं डोकं कापायचं, गाभा काढायचा आणि चौदा हजार टनांच्या प्रेसखाली घडवत कडं मोठं करायचं.

कडं कशाला? शेतातला पीव्हीसी पाइप प्रेशरनं फुटला की उभा चिरतो, हे तू पाहिलं असशील. नळकांड्यात लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा घेराचा ताण दुप्पट असतो. पत्रा वाकवून उभी वेल्डिंग केली, तर नेमका त्या चिरण्याच्या रेषेतच जोड येतो. अखंड कड्यात तो जोडच नाही. अणुभट्टीचं दाबपात्र अशा कड्यांचं असतं. आणि तोफेची नळी म्हणजे तरी काय? आतून प्रचंड दाब सोसणारं अखंड पोलादी नळकांडं. गिऱ्हाईक बदललं, मूळ विद्या तीच राहिली. माझ्या मते या कंपनीचा इतिहास एवढ्याच सूत्रावर उभा आहे.

बदल मात्र सुखानं झाला नाही. १५ जुलै १९४५ ला आयोवा, मिसुरी आणि विस्कॉन्सिन या अमेरिकी युद्धनौकांनी समुद्रातून मुरोरानवर तोफगोळे टाकले. रोख याच कारखान्यावर आणि शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यावर होता. सात आठवड्यांनी शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच मिसुरीवर. युद्धानंतर जुनी कंपनी मोडली आणि १९५० साली नव्यानं उभी राहिली. प्लास्टिकची यंत्रं तिच्या हिरोशिमाच्या कारखान्यातली. तो १९२० पासून तिच्याकडं आहे.

मुरोरानच्या आवारात १९१८ साली तलवारी घडवणाऱ्या लोहारांसाठी भट्टी बांधली, ती विद्या बुडू नये म्हणून. नाव झुइसेन. ती अजून चालू आहे. एवढ्या मोठ्या प्रेसशेजारी हातोड्यानं पोलाद घडवणारा माणूस टिकवला, याचं मला फार मोल वाटतं.

म्हणूनच मे २०२२ मधली बातमी जिव्हारी लागली. मुरोरानच्या उपकंपनीत तपासणीचे आकडे अनेक वर्षं बदलले जात होते, असं कंपनीनंच जाहीर केलं. टर्बाइनच्या रोटरसारखे भाग होते ते. ओतताना चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही झाली. पण मोजलेला आकडा बदलायचा नसतो, मग नाव कितीही जुनं असो.

आता तुझ्या मशीनचं. साचा बंद होतो तेव्हा सगळा ताण चार टाय बारवर, म्हणजे साच्याच्या चार कोपऱ्यांवरच्या जाड पोलादी दांड्यांवर, येतो. जवळपास वेल्डिंग करायचं असेल तर ते बार आधी झाक. वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा त्यांना लावू देऊ नकोस. ठिणगी चिकटली की तिथं बारीक खाच पडते आणि बार पुढं तिथूनच तडकू शकतो. कापडानं पुसून बॅटरीच्या उजेडात चारही बार एकदा पाहा. खाच दिसली तर मालकांना त्याच दिवशी सांग.