लहान मुलांची विचार करायची पद्धत वयानुसार कशी बदलत जाते?

तुम्ही लिहिलंय की साडेचार वर्षांच्या मुलीसमोर दादाचं दूध बुटक्या ग्लासातून उंच ग्लासात ओतलं की ती "त्याला जास्त दिलं" म्हणून रडते, दहा वेळा दाखवून पण पटत नाही, मग तिला समजायला उशीर होतोय का. आधी याचंच उत्तर देते. नाही होत. या वयात बहुतेक मुलांना असंच वाटतं आणि ती खोटं रडत नाहीये, तिला खरंच ते दूध जास्त दिसतंय.

मी बालवर्गाला शिकवते, आता १८ वर्षं होतील, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं की मूल चुकीचं बोललं की आपण लगेच बरोबर उत्तर सांगून मोकळे होतो, ते तसं का म्हणालं हे विचारतच नाही. ज्याँ पियाजे म्हणून स्विस मानसशास्त्रज्ञ होते, ते १९२० च्या सुमाराला पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते, म्हणजे खरं तर बरोबर उत्तरं मोजायची होती, पण त्यांचं लक्ष गेलं चुकांकडे, कारण एका वयाची मुलं साधारण एकाच पद्धतीने चुकत होती. म्हणजे लहान मुलाला माहिती कमी असते एवढंच नाही, त्याचा विचारच वेगळ्या वाटेने चाललेला असतो. पुढे त्यांनी स्वतःच्या तिन्ही मुलांच्या बाळपणापासूनच्या बारीक बारीक नोंदी ठेवल्या.

तुमचा दुधाचा प्रकार हा त्यांचाच प्रसिद्ध प्रयोग आहे बरं का. चार-पाच वर्षांच्या मुलाची नजर एकाच गोष्टीवर अडकते, इथे उंचीवर. ग्लास उंच झाला पण अरुंद पण झाला, हे दोन्ही एकदम डोक्यात धरायला जमत नाही, आणि परत बुटक्या ग्लासात ओतलं तर तेवढंच भरेल हे मनातल्या मनात उलटं फिरवून बघणं पण अजून येत नाही. साधारण सहा-सात वर्षांपासून हे यायला लागतं, कुणाला थोडं आधी कुणाला थोडं नंतर.

पण इथेच एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार उपयोगी पडली. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा दाखवल्या. मोठ्या माणसाने एक रांग हलवली आणि परत विचारलं, सारख्या आहेत का, तर बरीच मुलं चुकली. मग तेच एका खोडकर टेडीने येऊन रांग विस्कटली असं केलं, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं! याचं एक कारण असं सांगतात की मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. हे वाचल्यापासून मी वर्गात तोच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारणं बंद केलं. तुम्ही पण दहा वेळा ओतून "आता सांग, सारखं आहे ना" विचारत असाल तर ते थांबवा, त्यातून ती शिकत नाहीये, गोंधळतेय.

अगदी तान्ह्या बाळांबद्दल थोडक्यात सांगते. वस्तू झाकली तर ती आहेच हे बाळाला साधारण आठ-नऊ महिन्यांनंतर कळतं असं पियाजेंचं म्हणणं होतं कारण तोवर बाळ ती शोधत नाही, पण १९८० नंतरच्या प्रयोगांत चार महिन्यांच्या आसपासची बाळं पण अशक्य गोष्ट घडताना दिसली की जास्त वेळ टक लावून बघतात असं दिसलं, म्हणजे हात पोचायच्या आधी काहीतरी समज असावी.

तीन ते पाच या वयात जे होतं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. रंगीत खडूंच्या बॉक्समध्ये बटणं भरा आणि मुलाला विचारा आत काय असेल, ते म्हणेल खडू. उघडून दाखवा, बंद करा, आणि विचारा की बाहेरून ताई येईल तिला काय वाटेल आत काय आहे? तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणतं बटणं, इतकंच काय आधी तुला काय वाटलेलं विचारलं तरी म्हणतं बटणं! चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं, ताईला खडूच वाटणार, तिने कुठे बघितलंय. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं हे त्याला कळलं. आणि म्हणूनच साधारण याच सुमाराला "मी नाही सांडलं" पण जास्त ऐकू यायला लागतं. खोटं चालवून घ्या असं नाही म्हणत, पण घाबरू नका, हे समज वाढल्याचं लक्षण आहे.

बोलण्यातही हेच दिसतं. वर्गातली कितीतरी मुलं "मी करलं" म्हणतात. घरात कुणीच करलं म्हणत नाही, मग कुठून आलं? धरलं, भरलं तसं करलं, नियम त्यांनी स्वतः शोधला. आणि खेळताना स्वतःशीच बडबड करतात ना, "आता हे इथे, नाही नाही पडेल", त्याबद्दल व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की हीच बडबड पुढे आत जाते आणि मनातला विचार बनते. सुरुवातीला मी अशा मुलांना गप्प करायचे, त्याचं अजून वाईट वाटतं.

अकरा-बाराच्या पुढे "असं झालं असतं तर" हा विचार नुसत्या कल्पनेवर करता येऊ लागतो, म्हणून वाद पण वाढतात. मात्र भावनेच्या भरात स्वतःला आवरणं हे लगेच येत नाही, मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो.

काळजीचं म्हणाल तर दुधाच्या ग्लासावरून नको. पण दोन वर्षं होऊन गेली तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं किंवा खेळणं मागे पडत असेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि दूध तिलाच ओतू द्या, या ग्लासातून त्या ग्लासात, आंघोळीच्या वेळी पाण्याने पण चालेल, आणि "कुठे जास्त वाटतंय, का गं?" एवढंच विचारा, मग ती जे सांगेल ते पूर्ण ऐका. तोपर्यंत दोघांना एकाच मापाचे ग्लास द्या.