मोडीतला दस्त: आधी कागद उलटा करा

प्रश्न: अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं वावर होतं. 1927 साली पणजोबांनी ते गावातल्या सावकाराला लिहून दिलं. आज त्याचे वारस कसतात. मूळ मोडी दस्त आमच्या पेटीत आहे. एका वाचकाने तो कायम खरेदी म्हणून वाचला, दुसऱ्याने मुदतखरेदी (ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत), तिसरा ताबेगहाण (जमीन सावकाराच्या ताब्यात, कर्ज तिच्या उत्पन्नातून फिटत जातं) म्हणतो. कोर्ट कोणाचं मानेल? दावा लावावा का?

उत्तर: दाव्याचं नंतर बघू. मला आधी एक गोष्ट खटकते. खरेदीखताचं मूळ सहसा घेणाऱ्याकडे जातं, देणाऱ्याच्या पेटीत राहत नाही. मग तुमच्याकडचा कागद एक तर नक्कल असेल, नाहीतर फिटल्यावर परत आलेलं गहाणखत. तिघांनीही पुढची बाजूच वाचलेली दिसते. कागद उलटा करा. दस्त नोंदलेला असेल तर नोंदणीचा शेरा, क्रमांक आणि तारीख त्यावर सापडेल. कर्ज फिटलं असेल तर रक्कम भरून पावल्याची ओळ आणि सहीसुद्धा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. कायम खरेदी असेल तर विषय संपला. मुदतखरेदी असेल आणि ती गहाण धरली, तरी हाती फार काही लागत नाही. गहाण सोडवायला 1908 च्या मुदत कायद्यात 60 वर्षं होती, 1963 च्या कायद्याने ती 30 केली. कोणत्याही हिशेबाने ती केव्हाच उलटली. ताबेगहाणाचं मात्र वेगळं आहे. सिंघ राम प्रकरणात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अशा गहाणात मुदत गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाही. पैसे दिले गेले किंवा उत्पन्नातून फिटले, तेव्हापासून ती सुरू होते. पण यात एक मेख आहे. भरून पावल्याचा शेरा आजोबांच्या काळातला निघाला, तर गहाण सिद्ध करणारा तोच शेरा तुमची मुदतही संपवेल. म्हणून त्या ओळीची तारीख मला सगळ्यात आधी हवी.

आता वाचनाचा घोळ. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि कारकुनाचं अक्षर घाईचं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचक गल्लोगल्ली दिसू लागले आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदीतलं जातीचं नाव ओळखणारा दस्तातल्या शर्ती उलगडेलच असं नाही. चौथा वाचक शोधण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात जा. पुस्तक क्रमांक 1 (जमीन-घरांच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते, प्रमाणित नक्कलही मिळते. सूची क्रमांक 2 मध्ये दस्ताचा प्रकार आणि रक्कम असते, आणि पुस्तकातली नक्कल बहुधा दुसऱ्या हातची. एका हातात न लागलेलं अक्षर दुसऱ्यात लागतं. तेव्हा अमळनेर पूर्व खानदेश जिल्ह्यात होतं, त्या नावाने शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या सुमाराचा फेरफारही (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) काढा.

कोर्ट कोणा मोडी वाचकाच्या सर्टिफिकेटवर जात नाही. न कळणाऱ्या अक्षरांचा आणि संक्षेपांचा अर्थ दाखवायला साक्ष देता येते (1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 98, नव्या साक्ष अधिनियमात 101). मात्र वाचकाला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी सोसावी लागेल. तेव्हा तयारीचा माणूस घ्या. दस्त 30 वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल, तर सही-अक्षर खरं असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं (जुनं कलम 90, नवं 92). मजकूर खरा आहे असं त्यातून ठरत नाही, आणि नुसत्या नकलेला हा फायदा सहसा मिळत नाही. पेटी कोणाकडून कोणाकडे आली हे सांगू शकेल असं घरातलं वडीलधारं माणूस असेल तर तेच तुमचे साक्षीदार. कागदाला लॅमिनेशन करू नका, पेनने खुणा करू नका.

आणि सावकाराच्या वारसांना तूर्त नोटीस पाठवू नका. तुम्हीच लेखी 'मुदतखरेदी' म्हणून बसलात, तर उद्या ताबेगहाण म्हणताना तो कागद तुमच्यावरच उलटेल.